साप्ताहिक बॅकअप ‘पूर्ण’, तरी टेपवर ऑब्जेक्ट नाही: एकत्रित आयबीएम आय यंत्रावरची वारंवार येणारी अडचण

अडचण काय दिसते

तीन-चार जुने सर्व्हर बंद करून त्यांचं काम आयबीएमच्या एका पॉवर यंत्रावर आणलेलं असतं. यंत्राचे स्वतंत्र भाग म्हणजे पार्टिशन. मुख्य पार्टिशनवर आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. आयबीएमच्या पूर्वीच्या पिढीतल्या दोन एएस/४०० यंत्रांच्या लायब्ररी (फायली, प्रोग्राम अशा ऑब्जेक्टचे गट) त्यात एकत्र केलेल्या असतात आणि त्याच पार्टिशनच्या डिस्कवर दोन-तीन लिनक्स पार्टिशन पोसलेली असतात. रविवारी पूर्ण बॅकअप, रोज रात्री बदललेल्या ऑब्जेक्टचा बॅकअप. सकाळी टेप बाहेर आलेली असते, मेनूवर लाल काही दिसत नाही. मग एक दिवस एखादी फाइल परत आणायची वेळ येते आणि टेपवर ती नसते, किंवा असते ती दहा दिवसांपूर्वीची.

ही अडचण एकदा येऊन जात नाही. कारण दुरुस्त होईपर्यंत ती दर आठवड्याला तशीच घडत असते. फक्त परत आणायची वेळ येत नाही म्हणून कळत नाही. राहून गेलेली ऑब्जेक्ट दोन प्रकारची असतात. काहींबद्दल यंत्र स्पष्ट सांगतं, आपण वाचत नाही. काहींबद्दल ते सांगतच नाही, कारण त्याच्या दृष्टीनं आपण जे मागितलं तेच त्यानं केलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त घातक आहे, म्हणून खाली त्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

आज्ञांची नावं उच्चारानं लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीची लघुरूपं वापरायची: सेव्ह म्हणजे एसएव्ही, लायब्ररी म्हणजे एलआयबी, वर्क विथ म्हणजे डब्ल्यूआरके, ऑब्जेक्ट म्हणजे ओबीजे. आज्ञा लिहून एफ४ दाबलं की पॅरामीटर दिसतात, तिथेच एफ११ दाबलं की त्यांची मूळ नावं दिसतात.

टेप कपाटात ठेवण्याआधी लॉग वाचा

सेव्ह लायब्ररी संपली की जॉब लॉगमध्ये (त्या कामाच्या नोंदींमध्ये) सीपीएफ३७७१ हा संदेश आहे का ते पाहा. त्यात इतकी ऑब्जेक्ट सेव्ह झाली आणि इतकी झाली नाहीत, असे दोन आकडे असतात. एकाच आज्ञेत अनेक लायब्ररी दिल्या असतील तर शेवटी सीपीएफ३७७७ येतो, म्हणजे सगळ्या लायब्ररी पूर्ण सेव्ह झालेल्या नाहीत. इंटिग्रेटेड फाइल सिस्टीममधल्या (लायब्ररीबाहेरच्या, डिरेक्टरींच्या झाडातल्या) फाइलसाठी सीपीएफए०९ई येतो: ऑब्जेक्ट वापरात आहे. नेमकं कोणतं ऑब्जेक्ट राहिलं ते या संदेशांच्या वरच्या ओळींत असतं.

बऱ्याच ठिकाणी इथेच पहिली गोची होते. बॅकअपचा जॉब नीट संपला म्हणून त्याचा लॉग छापलाच जात नाही, कारण जॉब डिस्क्रिप्शनमध्ये लॉगिंग ‘नो लिस्ट’ ठेवलेलं असतं. बॅकअपच्या प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत चेंज जॉब देऊन लॉग पातळी ४, तीव्रता ००, मजकूर ‘सेकंड लेव्हल’ असं करा. मग जॉब कसाही संपला तरी लॉग मिळतो.

लॉग डोळ्यांनी वाचण्यापेक्षा चांगली सोय सेव्ह आज्ञेतच आहे. आउटपुट ‘आउटफाइल’ करा आणि माहितीचा प्रकार ‘एरर’ द्या. त्या फाइलमध्ये प्रत्येक लायब्ररीची एक ओळ आणि सेव्ह न झालेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची एक ओळ येते. दर रविवारची यादी वेगळ्या मेंबरमध्ये (फाइलच्या आतल्या वेगळ्या भागात) ठेवा. चार आठवडे झाले की चारही मेंबर एका एसक्यूएल क्वेरीत जोडून पाहा. तेच ऑब्जेक्ट चारही वेळा राहिलं असेल, तर कोणीतरी ते कायम धरून बसलं आहे. दर वेळी वेगळी राहत असतील, तर बॅकअपची वेळ दुसऱ्या कामाशी भिडते आहे. या एका फरकावरून पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

क्यूयूएसआरएसवायएस ही लायब्ररी दिवसा किंवा वापरकर्ते आत असताना सेव्ह केली, तर काही मेसेज क्यू राहतात. त्या साइन-ऑन केलेल्या प्रोफाइलनी धरलेल्या असतात. त्या यादीत ओळखून बाजूला ठेवा, पण ‘तिथे नेहमीच चार-पाच राहतात’ म्हणून आकडा न वाचण्याची सवय लावू नका. पाचचे सहा होतात तेव्हा सहावं ऑब्जेक्ट डेटाचं असू शकतं.

लॉक कोणाचं ते बॅकअपच्या वेळीच पाहायचं

सकाळी दहा वाजता वर्क विथ ऑब्जेक्ट लॉक्स चालवून उपयोग नाही, तोवर लॉक (जॉबनं ऑब्जेक्टवर ठेवलेला ताबा) सुटलेलं असतं. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये सेव्हच्या लगेच आधी एक पायरी घाला: क्यूएसवायएस२ मधल्या ऑब्जेक्ट लॉक इन्फो या व्ह्यूमधून संबंधित लायब्ररीच्या ओळी एका टेबलात उतरवा. फायलींसाठी मेंबरवरची लॉक वेगळी असतात हे लक्षात असू द्या. हातानं पाहत असाल तर लॉकच्या पडद्यावर एफ६ दाबून मेंबर लॉक बघा, नाहीतर ‘लॉक काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एकत्रीकरणानंतर सगळ्यात जास्त वेळा सापडणारा जॉब म्हणजे क्यूझेडडीएएसओआयएनआयटी. हा जेडीबीसी आणि ओडीबीसीच्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांच्या डेटाबेसशी असलेल्या, जोडण्या सांभाळतो, साधारणपणे क्यूयूएसआरडब्ल्यूआरके सबसिस्टीममध्ये (जॉब चालवणाऱ्या एका विभागात) चालतो, आणि त्याचा वापरकर्ता नेहमी क्यूयूझर दिसतो. त्यामुळे यादी पाहून काहीच कळत नाही. त्या जॉबचा लॉग उघडा. सीपीआयएडी०२ संदेशात कोणता वापरकर्ता कोणत्या पत्त्यावरून जोडला गेला ते असतं. पुष्कळदा तो पत्ता त्याच यंत्रातल्या लिनक्स पार्टिशनचा निघतो: पूर्वी वेगळ्या सर्व्हरवर असलेलं वेब ॲप्लिकेशन आता आतल्या व्हर्च्युअल इथरनेटवरून डेटाबेसशी बोलत असतं, आणि त्याच्या जोडण्यांचा पूल रात्रंदिवस उघडा असतो.

यात एक खाच आहे. ॲप्लिकेशननं कर्सर (क्वेरीच्या ओळी वाचण्यासाठी उघडलेला मार्ग) बंद केला तरी डेटाबेस तो पुन्हा लवकर उघडता यावा म्हणून खरा बंद करत नाही. अर्धवट बंद ठेवतो. ॲप्लिकेशनवाले ‘आम्ही काही वापरत नाही’ असं सांगतात आणि ते खरंच सांगत असतात, तरी फाइलवर लॉक असतं. यावर जॉब मारून टाकण्याची गरज नाही. ॲलोकेट ऑब्जेक्ट आज्ञेनं त्या फाइलवर एक्सक्लुझिव्ह लॉक मागा आणि कॉन्फ्लिक्ट पॅरामीटरला ‘रिक्वेस्ट रिलीज’ हे मूल्य द्या. अर्धवट बंद कर्सर खरोखर बंद होतात. मग लगेच डीॲलोकेट करा आणि सेव्ह सुरू करा.

फायलींच्या शेअरवरून येणारी लॉक क्यूसर्व्हर सबसिस्टीममधल्या क्यूझेडएलएसफाइल जॉबकडे असतात. कोणाच्या तरी पीसीवर एक्सेल उघडी राहिलेली असते. तिथे एकच उपाय: होस्ट सर्व्हर आणि नेटसर्व्हर (पीसी आणि बाहेरच्या प्रोग्रामांना सेवा देणारे जॉब) सेव्हआधी बंद.

पूर्ण बॅकअपसाठी बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जॉब शेड्यूलमधल्या नोंदी होल्डवर, मग ॲप्लिकेशन, मग होस्ट सर्व्हर आणि टीसीपी सर्व्हर, मग क्यूइंटर आणि क्यूबॅच (वापरकर्त्यांच्या आणि बॅच कामांच्या सबसिस्टीम) नियंत्रित पद्धतीनं ६०० सेकंदांच्या मुदतीत, आणि शेवटी उरलेलं सगळं तात्काळ. सरळ सगळ्या सबसिस्टीम तात्काळ बंद केल्या आणि एखाद्या बॅच जॉबनं लाखो नोंदी बदलून कमिट केलं (बदल पक्के केले) नसेल, तर तो जॉब संपण्याआधी सगळं उलटं फिरवत बसतो. त्याला जितका वेळ बदलायला लागला तितकाच परत जायला लागू शकतो. अशा वेळी घाईनं वीज तोडायची नाही. तेच काम पुढच्या आयपीएलमध्ये (यंत्र सुरू होताना) करावं लागतं आणि तिथे पडद्यावर काहीच हलताना दिसत नाही.

यंत्र मर्यादित स्थितीत (फक्त कन्सोल चालू) पोचलं याची खूण म्हणजे सीपीएफ०९६८ हा संदेश. तो दिसेपर्यंत सेव्ह सिस्टीम सुरू करू नका. सगळ्या सबसिस्टीम बंद करणारा जॉब क्यूबॅचमध्ये टाकणं ही जुनी चूक अजून सापडते: तो जॉब स्वतःचीच सबसिस्टीम बंद करतो आणि बॅकअप सुरूच होत नाही. हे काम कन्सोलवरून करा. बीआरएमएस (आयबीएमचं बॅकअप व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) असेल तर कन्सोल मॉनिटर चालू ठेवून कंट्रोल ग्रुप (बॅकअपच्या पायऱ्यांची यादी) कन्सोलला पाठवता येतो, मग रविवारी पहाटे कोणी बसावं लागत नाही.

चालू असताना सेव्ह: वाट पाहण्याची वेळ समजून घ्या

सेव्ह-व्हाइल-ॲक्टिव्ह चालू केलं म्हणजे लॉकची कटकट संपली, असा समज आहे. तसं होत नाही. यंत्राला आधी एक चेकपॉइंट (ज्या क्षणाची प्रत घ्यायची तो क्षण) गाठावा लागतो आणि त्यासाठी ते ठरावीक वेळ थांबतं, मूळ मूल्य १२० सेकंद. तेवढ्यात उघडा व्यवहार कमिट झाला नाही तर ते ऑब्जेक्ट राहून जातं. वेळ वाढवून १,८०० सेकंद करणारे खूप आहेत. त्यामुळे चेकपॉइंटची वाट पाहताना इतर जॉब अडकतात आणि रात्रीचं बिलिंग खोळंबतं.

बरी वाट अशी: ॲप्लिकेशन फक्त चेकपॉइंटपुरतं थांबवायचं, चेकपॉइंटचा संदेश ज्या क्यूवर येतो ती क्यू आज्ञेत नेमून द्यायची आणि संदेश आला की ॲप्लिकेशन परत सुरू करायचं. डेटा टेपवर जाणं नंतर तासभर चालू राहिलं तरी वापरकर्त्यांना कळत नाही. एकमेकांवर अवलंबून असलेल्या लायब्ररी असतील तर ‘सिंक लिब’ वापरा, म्हणजे सगळ्यांचा चेकपॉइंट एकाच क्षणाचा मिळतो. ‘एलआयबी’ मूल्य दिलं तर प्रत्येक लायब्ररीचा क्षण वेगळा असतो: ऑर्डर एका लायब्ररीत ११ वाजताची, तिचं बिल दुसरीत ११:२० चं.

‘नो कमिट बाउंडरी’ हे मूल्य वापरून उघड्या व्यवहारांसकट सेव्ह करता येतं. पण तशी फाइल परत आणल्यावर जर्नलमधले (बदलांच्या नोंदवहीतले) बदल लावल्याशिवाय वापरता येत नाही. जर्नल रिसीव्हरही (या नोंदी प्रत्यक्ष जिथे साठतात ती ऑब्जेक्ट) टेपवर जात असल्याची खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नका.

यंत्र न सांगता जे वगळतं

खालचं काहीही सीपीएफ३७७१ मध्ये दिसणार नाही.

*जर्नल होणारी ऑब्जेक्ट.* सेव्ह चेंज्ड ऑब्जेक्ट या आज्ञेत ओबीजेजेआरएन नावाचा पॅरामीटर आहे आणि त्याचं मूळ मूल्य ‘नो’ आहे. म्हणजे जे ऑब्जेक्ट जर्नल होतं, ते बदललं असलं तरी सेव्ह होत नाही. यामागचा विचार बरोबर आहे: फाइल जर्नल होते तर तिचे बदल रिसीव्हरमध्ये आहेतच, ते सेव्ह करा. पण रिसीव्हर सेव्ह करणारी पायरी कोणी लिहिलेलीच नसते. एकत्रीकरण करताना दुसऱ्या यंत्रावर प्रत ठेवण्यासाठी किंवा कमिटमेंट कंट्रोलसाठी जर्नलिंग सुरू केलं जातं, आणि पुढच्या पूर्ण बॅकअपनंतर सगळ्यात मोठ्या, सगळ्यात महत्त्वाच्या फायली रोजच्या बॅकअपमधून गुपचूप बाहेर पडतात. टेप कमी भरते, बॅकअप लवकर संपतो, सगळे खूश. हे पॅरामीटर ‘यस’ करा, किंवा रिसीव्हर रोज वेगळे सेव्ह करा. जागा आणि वेळ असेल तर दोन्ही करा. रोजच्या बॅकअपचा वेळ कारणाशिवाय अचानक निम्म्यावर आला, तर आनंद मानण्याआधी हे तपासा.

*मध्येच केलेलं सेव्ह.* बुधवारी कोणीतरी चाचणीसाठी एक लायब्ररी सेव्ह फाइलमध्ये (टेपऐवजी डिस्कवर) घेतली, चाचणी पार्टिशनला नेली आणि सेव्ह फाइल पुसली. सेव्ह लायब्ररी आज्ञेतलं यूपीडीएचएसटी (सेव्हची तारीख नोंदवायची का) मूळ ‘यस’ असतं, त्यामुळे त्या लायब्ररीची ‘शेवटचं पूर्ण सेव्ह’ ही तारीख बुधवारची झाली. रोजचा बॅकअप संदर्भ म्हणून तीच तारीख धरतो. आता गुरुवारच्या टेपवर फक्त बुधवारनंतरचे बदल आहेत. रविवार ते बुधवार यांतलं जे बदललं ते पूर्ण टेपवर नाही आणि गुरुवारच्या टेपवरही नाही. ज्या सेव्ह फाइलमध्ये होतं ती पुसली गेली. उपाय सोपा आहे: बॅकअपखेरीज प्रत्येक सेव्हला यूपीडीएचएसटी ‘नो’. सगळ्यांच्या लक्षात राहील यावर विसंबू नका. चाचणीसाठी लायब्ररी काढायचा एक छोटा प्रोग्राम लिहून तोच वापरायला लावा. शंका आली तर डिस्प्ले ऑब्जेक्ट डिस्क्रिप्शन पूर्ण तपशिलानं चालवा. शेवटचं सेव्ह कधी, कोणत्या आज्ञेनं, कोणत्या व्हॉल्यूमवर किंवा कोणत्या सेव्ह फाइलमध्ये झालं ते तिथे दिसतं.

*स्पूल फायली आणि डेटा क्यू.* सेव्ह लायब्ररीत आउटपुट क्यू जाते, पण तिच्यातल्या छपाईच्या फायली जात नाहीत, कारण स्पूल फाइल डेटा मूळ ‘नन’ असतो. डेटा क्यूचं (प्रोग्रामांमधल्या संदेशांच्या रांगेचं) रिकामं भांडं जातं, आतले संदेश जात नाहीत. गोदामातली स्कॅनर यंत्रं डेटा क्यूवर नोंदी टाकत असतील तर हे महत्त्वाचं आहे. दोन्हीसाठी वेगळे पॅरामीटर आहेत, ते स्पष्ट द्या.

*स्वतंत्र एएसपी.* दोन यंत्रांवर एकाच नावाची लायब्ररी असली की एकत्र करताना एकीला स्वतंत्र एएसपीमध्ये (डिस्कांच्या वेगळ्या गटात) ठेवतात. वाट चांगली आहे. पण बॅकअपच्या जॉबनं तो एएसपी गट सेट केलेला नसेल, तर सर्व वापरकर्ता लायब्ररी म्हटलं तरी त्यातल्या लायब्ररी येत नाहीत. एएसपी डिव्हाइसचं नाव देऊन तिथली सेव्ह आज्ञा वेगळी लिहा आणि त्या वेळी एएसपी उपलब्ध स्थितीत आहे का ते आधी तपासा.

*सेव्हची परवानगीच नसलेल्या फायली.* इंटिग्रेटेड फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला ‘सेव्ह करू द्यायचं का’ असा गुणधर्म असतो. एखाद्या डिरेक्टरीवर तो ‘नो’ ठेवून कोणी विसरलं असेल तर तिथलं काही टेपवर जात नाही. नेटवर्कवरून माउंट केलेल्या डिरेक्टरींवर बॅकअपसाठी विसंबू नका. दिसायला त्या याच झाडात दिसतात, पण डेटा दुसऱ्या यंत्राचा असतो आणि त्याचा बॅकअप तिथेच घ्यायचा.

पोसलेली पार्टिशन

लिनक्स पार्टिशनची डिस्क म्हणजे आयबीएम आयच्या दृष्टीनं क्यूएफपीएनडब्ल्यूएसएसटीजी डिरेक्टरीतली एक नेटवर्क सर्व्हर स्टोरेज स्पेस. ती ज्या नेटवर्क सर्व्हर डिस्क्रिप्शनला (आयबीएम आयमधल्या त्या पार्टिशनच्या नोंदीला) जोडलेली आहे ते चालू असेल तर स्टोरेज स्पेस वापरात असते आणि पूर्ण बॅकअपमधून राहते. सेव्ह मेनूच्या पर्याय २१ मध्ये ‘नेटवर्क सर्व्हर बंद करायचे का’ असा प्रॉम्प्ट आहे. तिथे ‘नन’ असेल तर लिनक्सच्या डिस्का टेपवर येणार नाहीत. ‘ऑल’ असेल तर येतील, पण लिनक्स चालू असतानाच त्याच्या पायाखालून डिस्क काढून घेतली जाईल. दोन्ही टाळण्यासाठी क्रम असा ठेवा:

१. लिनक्समध्ये डेटाबेस आणि सेवा थांबवून पार्टिशन आतूनच शटडाउन करा.
२. एचएमसीवर (यंत्राच्या व्यवस्थापन कन्सोलवर) पार्टिशनची स्थिती ‘नॉट ॲक्टिव्हेटेड’ झाली का ते पाहा. मिनिटं मोजून अंदाज करू नका.
३. मग नेटवर्क सर्व्हर डिस्क्रिप्शन व्हॅरी ऑफ (बंद) करा.
४. पर्याय २१, किंवा फक्त त्या स्टोरेज स्पेसचं सेव्ह.
५. परत सुरू करताना आधी व्हॅरी ऑन, मग पार्टिशन ॲक्टिव्हेट.

पोसलेलं पार्टिशन आयबीएम आयचंच असेल तरी क्रम हाच. तिथे डिस्क मधूनच गेली तर पार्टिशन ए६ नं सुरू होणाऱ्या संदर्भ कोडवर लटकून राहतं.

स्टोरेज स्पेसचा बॅकअप म्हणजे अख्खी डिस्क. २०० जीबीची स्पेस आत ३० जीबी भरलेली असली तरी २०० जीबी वाचली जाते. आतली एकच फाइल हवी असेल तर ती अख्खी स्पेस नव्या नावानं परत आणून, लिनक्सला जादा डिस्क म्हणून जोडून, आतून फाइल काढावी लागते. त्यासाठी तेवढी जागा मोकळी लागते. म्हणून बाहेरून आठवड्याची डिस्क आणि आतून रोजचा फायलींचा बॅकअप, दोन्ही हवेत. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. प्रत्येक स्पेस कोणत्या डिस्क्रिप्शनला, कितव्या क्रमांकावर जोडली आहे त्याची यादी छापून ठेवा. परत आणल्यावर जोडणी नव्यानं करावी लागते, आणि क्रमांक बदलला की आतल्या डिस्कांचा क्रम बदलतो.

टेप आणि वेळ

एकत्रीकरणाआधी चार यंत्रांचे चार टेप ड्राइव्ह एकाच वेळी चालत. आता सगळं एकातून जातं. हिशेब कागदावर करा. एलटीओ-७ (एलटीओ प्रकारच्या टेपची सातवी पिढी) ड्राइव्हचा मूळ वेग सेकंदाला ३०० एमबी. ३ टीबीला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. हा मोठ्या फायलींचा हिशेब आहे. डेटा दाबला (कॉम्प्रेस) जाणारा असेल तर वेळ कमी होतो. पण इंटिग्रेटेड फाइल सिस्टीममध्ये लाखो छोट्या फायली असतील तर ड्राइव्ह वाट पाहत बसतो आणि वेळ कितीतरी वाढतो. जुन्या पीडीएफ आणि स्कॅन केलेल्या प्रती वर्षानुसार वेगळ्या डिरेक्टरीत लावा. बंद झालेलं वर्ष एकदा दोन टेपवर घ्या आणि आठवड्याच्या बॅकअपमधून काढा. ड्राइव्हवर खर्च करण्याआधी हे करून पाहावं, असं आमचं ठाम मत आहे.

एलटीओ-९ ला नुकतेच आला असाल तर एक गोष्ट हमखास चकवते. कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती आधी जुळवून घेतो. याला साधारण ४० मिनिटं आणि जास्तीत जास्त दोन तास लागतात. रविवारी पहाटे कोरी टेप घातली तर बॅकअप अडकल्यासारखा दिसतो आणि कोणीतरी तो रद्द करतं. नव्या टेप आठवड्यात दिवसा एकेक घालून, इनिशियलाइझ करून ठेवा. जुन्या टेप वाचण्याचंही आधी पाहा: एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचत, एलटीओ-८ आणि ९ फक्त एक पिढी मागचं वाचतात. एलटीओ-६ वर सात वर्षांच्या नोंदी असतील तर एलटीओ-७ चा एक ड्राइव्ह जपून ठेवा.

दोन पार्टिशन एकच टेप लायब्ररी वापरत असतील तर ‘ड्राइव्ह उपलब्ध नाही’ अशी चूक अधूनमधून येते. वर्क विथ मीडिया लायब्ररी स्टेटसमध्ये ड्राइव्हची स्थिती ‘ॲलोकेटेड’ असेल तर तो त्या पार्टिशननं अडवून ठेवला आहे. वाटून वापरायचा असेल तर ‘अनप्रोटेक्टेड’ करा आणि दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा. सफाईची कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालते. ती संपली की ड्राइव्ह सफाई मागत राहतो आणि वाचण्या-लिहिण्याच्या चुका वाढतात, म्हणून कार्ट्रिजवर तारखा लिहा.

टेप दीर्घकाळ ठेवण्यासाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. कोकणपट्टीत, मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत साध्या कपाटात ही आर्द्रता मिळत नाही. बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. खोलीत दिवसभर राहू द्या, मग वापरा.

परत आणून पाहा, पण जपून

महिन्यातून एकदा एक लायब्ररी वेगळ्या नावानं परत आणा. शक्य असेल तर हे चाचणी पार्टिशनवर करा, कारण मूळ पार्टिशनवर दोन धोके आहेत. लॉजिकल फाइल (डेटा फक्त दाखवणारी) एका लायब्ररीत आणि तिची फिजिकल फाइल (खरा डेटा असलेली) दुसऱ्या लायब्ररीत असेल, तर परत आणलेली लॉजिकल फाइल मूळ, चालू फिजिकल फाइलशी जोडली जाते. चाचणी समजून केलेला बदल थेट खऱ्या डेटात जातो. दुसरं, सेव्हच्या वेळी जर्नल होणारी फाइल परत आली की तिचं जर्नलिंग त्याच खऱ्या जर्नलमध्ये सुरू होतं. नुसत्या नोंदींची संख्या जुळवणं पुरेसं नाही. फाइल उघडून तिचा शेवटचा व्यवहार कोणत्या तारखेचा आहे ते बघा. न सांगता वगळलेली ऑब्जेक्ट इथेच पकडली जातात.

वर्षातून एकदा पूर्ण यंत्राची उजळणी करा. टेपवरून डी आयपीएल, लायसन्स्ड इंटर्नल कोड, मग प्रणाली, मग क्रमानं वापरकर्ता प्रोफाइल, कॉन्फिगरेशन, लायब्ररी, डॉक्युमेंट, डिरेक्टरी आणि सगळ्यात शेवटी रिस्टोर ऑथॉरिटी. ही शेवटची आज्ञा विसरली तर डेटा सगळा दिसतो, पण खासगी अधिकार परत येत नाहीत आणि सकाळी निम्मे वापरकर्ते आत शिरू शकत नाहीत. टेप ड्राइव्ह पर्यायी आयपीएल डिव्हाइस म्हणून नेमलेला आहे का, हेही त्याच दिवशी कळतं.

बीआरएमएस वापरत असाल तर रोजच्या मेंटेनन्सनंतर क्यूपी१एआरसीवाय हा अहवाल निघतो. कोणती टेप कोणत्या क्रमानं लावायची ते त्यात लिहिलेलं असतं. तो त्याच यंत्राच्या आउटपुट क्यूमध्ये पडून राहिला तर यंत्र गेल्यावर तोही जातो. रोज मेलनं बाहेर पाठवा आणि रविवारची प्रत छापून टेपसोबत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

एक वेळ वर्षभर आधी ठरवून ठेवावी लागते: मार्चअखेर. ३१ मार्चच्या रात्री हिशेबाचे जॉब नेहमीपेक्षा खूप जास्त चालतात, क्यूबॅच वेळेत रिकामी होत नाही, आणि ठरलेल्या मुदतीत बंद न झालेल्या जॉबना बॅकअप तोडतो. त्या आठवड्याचा पूर्ण बॅकअप शेड्यूलमधून काढून, वर्षाचे हिशेब बंद करण्यापूर्वीचा एक आणि बंद झाल्यानंतरचा एक, असे दोन हातानं घ्या. दोन्ही टेप नेहमीच्या फेऱ्यातून बाहेर काढा आणि त्यांची मुदत वेगळी द्या, म्हणजे पुढच्या महिन्यात त्यांच्यावर काही लिहिलं जाणार नाही.